मालिकांतल्या शाळेत शिकवणं कुठे आहे? मराठी वाहिन्यांना एका शिक्षिकेचं खुलं पत्र

मराठी मनोरंजन वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख, मालिकांचे निर्माते, दिग्दर्शक आणि लेखक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते. याआधी मी एका वाहिनीला खासगीत एक पत्र पाठवलं होतं. संध्याकाळच्या एका कौटुंबिक मालिकेत, भर वर्गात, सगळ्या मुलांसमोर एका शिक्षिकेला पालकाची माफी मागायला लावली गेली, आणि तो सगळा प्रसंग कथेतल्या आईचा विजय म्हणून रंगवला गेला. माझी तक्रार त्यावर होती. केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत २०२१ साली झालेल्या सुधारणेप्रमाणे प्रेक्षकाच्या तक्रारीची पोच वाहिनीने २४ तासांत द्यायची असते आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. मला पोचही आली नाही. उलट त्याच प्रसंगाचा तुकडा वाहिनीने कौतुकाने समाजमाध्यमांवर टाकला आणि माझ्या वर्गातल्या मुलांनी तो मधल्या सुट्टीत एकमेकांना दाखवला. म्हणून आता हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. त्या एका वाहिनीचं नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण हा दोष एकीचा नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मुलं ऐकत नाहीत, उलट उत्तरं देतात, याचं खापर टीव्हीवर फोडायला मी बसलेली नाही. घर आहे, मोबाइल आहे, पन्नास-साठ मुलांचे वर्ग आहेत आणि आम्हा शिक्षकांचे स्वतःचे दोष आहेत. पण संध्याकाळी सात ते दहा या वेळेत आजी, आई आणि मूल एकत्र बसून जे बघतात ते तुम्ही ठरवता. शाळा नावाची जागा कशी असते, तिथे मोठी माणसं एकमेकांशी कशी वागतात, शिक्षकाशी कसं बोलायचं असतं, याचं चित्र त्या खोलीत रोज तयार होतं. ते चित्र खोटं आहे, आणि त्या खोटेपणाचा त्रास वर्गात मुलांना होतो, असं माझं म्हणणं आहे.

तुमच्या मालिकांत विद्यार्थ्याच्या मनातला आदर दोनच रूपांत दिसतो. एक म्हणजे पाया पडणं. गुरुपौर्णिमेचा किंवा ५ सप्टेंबरचा विशेष भाग आला की एक वृद्ध गुरुजी येतात, परदेशातून आलेला यशस्वी माजी विद्यार्थी त्यांच्या पायांवर डोकं ठेवतो, सगळ्यांचे डोळे भरतात, मागे सनई वाजते. दुसरं रूप म्हणजे आदर नसणं: खिल्ली, दमदाटी, पैशाची मस्ती. या दोन टोकांच्या मध्ये वर्षाचे जे दोनशे-सव्वादोनशे दिवस शाळा भरते, त्यातला एकही दिवस पडद्यावर येत नाही. शिक्षक काय शिकवतो, मूल ते कसं समजून घेतं, कुठे अडतं, पुन्हा कसं विचारतं, हे नाहीच. मग मुलाने आदर करायचा तो कशाचा? त्याला कारणच दाखवलेलं नसतं.

आता माझ्या तक्रारी एकेक करून सांगते.

सगळ्यात मोठी तक्रार त्या श्रीमंत पालकाच्या प्रसंगाबद्दल आहे. तो प्रसंग तुम्हाला पाठ असेल. घरातल्या लाडक्या नातवाला बाई रागावलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी तीन गाड्या शाळेच्या आवारात शिरतात. काकू, आत्या, आजोबा सगळे. मुख्याध्यापक खुर्चीतून उठून उभे राहतात. "या शाळेची इमारत कोणाच्या देणगीतून उभी राहिली, माहीत आहे ना?" हे वाक्य येतंच. मुख्याध्यापक हात जोडतात, बाईंना बोलावून सर्वांसमोर झापतात. प्रत्येक चेहऱ्यावर कॅमेरा तीन-तीनदा जातो, ढोल वाजतात. शेवटी मुलाचा हात धरून कुटुंब ताठ मानेने बाहेर पडतं. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे भिंतीवर बहुतेक वेळा सावित्रीबाईंची तसबीर असते. १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींना शिकवायला जाताना ज्यांनी अंगावर चिखल आणि शेण झेललं, त्यांच्या तसबिरीखाली तुम्ही एका शिक्षिकेला पैसेवाल्यांपुढे मान खाली घालायला लावता आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवाव्यात अशी तजवीज करता.

त्या प्रसंगात मुलाच्या चेहऱ्यावर कॅमेरा किती वेळ थांबतो, ते कधी मोजलं आहे का? जवळजवळ थांबतच नाही. आपल्या आईने आपल्या बाईंना रडवलं, हे बघून आठ वर्षांच्या मुलाला काय वाटतं, हा या सगळ्या नाट्यातला खरा प्रश्न आहे आणि तोच तुम्ही सोडून देता. मी अशी मुलं पाहिली आहेत. घरच्यांनी शाळेत येऊन आरडाओरडा केला की मूल दुसऱ्या दिवशी जिंकल्यासारखं येत नाही. ते खाली बघत येतं. शेवटच्या बाकावर जाऊन बसतं. काही दिवस हात वर करत नाही, कारण बाई आपल्याशी आता कशा वागतील याची त्याला धास्ती असते, आणि बाकीची मुलं त्याच्यापासून चार हात दूर राहतात. त्याला परत वर्गात सामावून घ्यायला बराच काळ जातो. एवढं मोठं नाट्य त्या मुलाच्या मनात घडत असतं आणि तुमच्यासारख्या गोष्ट सांगणाऱ्या माणसांना ते दिसत नाही, याचं मला दुःख होतं.

गेल्या स्नेहसंमेलनाच्या वेळी मी आठवीच्या मुलांना सांगितलं होतं की नाटिका तुम्हीच लिहा, विषय 'आपली शाळा'. त्यांनी लिहून आणली. पहिल्याच प्रवेशात साहेब येतात, टेबलावर धनादेश फेकतात आणि म्हणतात, "या बाईंना आत्ताच्या आत्ता काढून टाका." मुख्याध्यापक हात जोडतात. सबंध नाटिकेत बाईंना एकही वाक्य नव्हतं. बाई झालेली मुलगी कोपऱ्यात मान खाली घालून उभी. मी विचारलं, "अरे, आपल्या शाळेत असं कधी झालंय का?" मुलं म्हणाली, "नाही बाई, पण नाटकात असंच असतं." ही मुलं वाईट नाहीत. माझ्याशी चांगलीच वागतात. पण शाळेची गोष्ट सांगायची म्हटल्यावर त्यांना स्वतःचा वर्ग आठवला नाही, तुमचा सेट आठवला. तिथपासून हे पत्र माझ्या डोक्यात आहे.

पालकांची तक्रार खरी असू शकते. शिक्षक चुकतात, काही वेळा गंभीर चुकतात, आणि पालकांनी गप्प बसावं असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्यासाठी रस्ता आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. तुमच्या नायिका घरातल्या मिळकतीच्या वादात थेट कोर्टात उभ्या राहतात, मग त्यांतली एखादी या समितीच्या बैठकीत उभी राहून मुद्देसूद बोलताना का दिसत नाही? धुणीभांडी करून आलेली आई आणि संस्थाचालक एका टेबलाशी बसतात, दोघांच्या मताला सारखीच किंमत असते, यात नाट्य नाही असं कोण म्हणेल?

माझी दुसरी तक्रार विनोदी कार्यक्रमांबद्दल आहे, आणि ती थोडक्यात सांगते, कारण तुम्हालाही ती माहीत आहे. झोपणारे मास्तर, झोकांड्या खाणारे मास्तर, स्पेलिंग न येणारे मास्तर. शिक्षकावर विनोद होऊच नये असं नाही. आम्ही स्टाफरूममध्ये एकमेकांवर भरपूर हसतो. पण त्या वर्गात जाड्या मुलावर, तोतऱ्या मुलावर, काळ्या मुलीवर जे हशे घेतले जातात ते थांबले पाहिजेत. मुलांची मानहानी करणारं काही दाखवू नये, असं केबल दूरचित्रवाणीच्या कार्यक्रम संहितेतच आहे. बोलताना अडखळणारी मुलं माझ्याही वर्गात बसतात. तसा एखादा भाग लागून गेला की पुढचे काही दिवस ती उत्तर माहीत असूनही उभी राहत नाहीत. शिवाय सेटवरच्या बाकांवर बसलेली मुलंही कुठल्यातरी शाळेतली विद्यार्थीच आहेत. बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांहून जास्त काम घेता येत नाही आणि त्याचं शिक्षण थांबता कामा नये, हा कायद्याचा नियम तुम्ही पाळत असालच. त्याच मुलांच्या तोंडी शिक्षकाचा अपमान करणारी वाक्यं घालताना हेही लक्षात असू द्या.

तिसरी गोष्ट लिहिताना मला राग येतो, तरी शांतपणे लिहिते. तरुण शिक्षिका वर्गात आली की पदर हवेत उडतो, कॅमेरा हळू होतो आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलं आ वासून बघतात. कधी प्राध्यापक आणि विद्यार्थिनी यांची प्रेमकथा असते, आणि ती गोड असते. शिक्षकाच्या हातात गुण असतात, हजेरी असते, मुलीचं पुढचं वर्ष असतं. जिथे एकाच्या हातात एवढी सत्ता आहे तिथे दोघं बरोबरीचे नसतात. मूल अठराच्या आतलं असेल तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा शाळेतल्या कर्मचाऱ्याने केलेला अत्याचार अधिक गंभीर मानून जास्त शिक्षा सांगतो, तो याच कारणाने. आम्ही मुलींना शिकवतो की कोणी शिक्षक वाजवीपेक्षा जास्त जवळ येतोय असं वाटलं तर लगेच सांगा, तक्रारपेटीत चिठ्ठी टाका, १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करा. संध्याकाळी त्याच मुली तेच वागणं संगीताच्या साथीने, गुलाबी उजेडात बघतात. त्यांनी कोणावर विश्वास ठेवायचा?

आता पाया पडण्याबद्दल. इथे माझे काही सहकारीही माझ्याशी सहमत होणार नाहीत. त्यांना वाटतं, निदान गुरुपौर्णिमेला तरी शिक्षकाचा मान दाखवतात ना, मग तक्रार कशाला? मला मात्र ते भागही तितकेच खटकतात. त्यांतले गुरुजी नेहमी गरीब, थकलेले, बहुधा आजारी असतात, आणि त्यांनी कधीकाळी काय शिकवलं हे कोणीच सांगत नाही. सांगतात ते एवढंच की गुरुजींनी छडी मारली म्हणून आयुष्य घडलं. छडीचे वळ प्रेमाची खूण म्हणून दाखवले जातात. शिक्षण हक्क कायदा २०१० च्या १ एप्रिलपासून लागू आहे. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी आहे. मारणाऱ्या हाताचं असं गुणगान झालं की दोन माणसांचं फावतं: ज्या शिक्षकाला अजूनही मारावंसं वाटतं त्याचं, आणि "बाई, हवं तर फोडून काढा, पण शिकवा" म्हणत मुलाला आमच्या हवाली करणाऱ्या पालकाचं. मार खाणाऱ्या मुलाला मात्र कळतं की बोलायचं नाही, हाच आदर.

आणि या गरिबीचं खरं कारण तुम्ही कधी दाखवत नाही. शिक्षणसेवक म्हणून लागलेल्या तरुणाला आधी तीन वर्षं मानधनावर काढावी लागतात. २०२३ पर्यंत प्राथमिक शिक्षणसेवकाला महिन्याला ६,००० रुपये मिळत होते, मग ते १६,००० झाले. डीएड करून, टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा पास होऊन, भरतीची वर्षानुवर्षं वाट बघून. त्याला जनगणना आणि निवडणुकीची कामं असतात, माहिती भरायची असते, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा असतो, आणि त्यातून वेळ काढून पाठाचं टाचण लिहायचं, वह्या तपासायच्या, मागे राहिलेल्या मुलांना वेगळं बसवायचं. तुमच्या मालिकेतली शिक्षिका नायिका लग्नानंतर शाळेत कधी जाते, कोणाला माहीत? कटकारस्थानं चालू असताना तिच्या वर्गावर कोण असतं? तिने एकदाही घरी वह्यांचा गठ्ठा आणलेला नसतो. ज्या घरात खरी शिक्षिका राहते त्या घरात जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग वह्यांनी अडवलेला असतो. एवढं साधं निरीक्षण एखाद्या भागात आलं असतं, तरी बघणाऱ्या मुलाला कळलं असतं की आपल्या वहीवरच्या लाल शाईमागे कोणाची तरी रात्र आहे.

मग खरा आदर कसा दिसतो, असं तुम्ही विचाराल. तो वर्गात रोज दिसतो आणि त्याला सनई लागत नाही. गृहपाठ केला नसेल तर खोटं कारण न देता "बाई, नाही केला, उद्या आणतो" म्हणणारा मुलगा. मी फळ्यावर एका रीतीने उदाहरण सोडवत असताना "बाई, मी वेगळ्या पद्धतीने केलं, बघता का?" असं विचारणारी मुलगी, तिला खात्री असते की मी बघेन, आणि ती खात्री म्हणजेच तिचा माझ्यावरचा आदर. तास संपल्यावर "हे असंच का, हे मला अजून पटलं नाही" म्हणून दारात उभं राहणारं मूल. एकाच्या घरी आजारपण आहे हे मला हळूच येऊन सांगणारा त्याचा मित्र. शाळा सोडून गेलेली आणि कधीही पाया न पडलेली एक विद्यार्थिनी, जी धाकट्या भावाला शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज कसा भरायचा हे विचारायला माझ्याकडे पाठवते. यांतल्या प्रत्येक प्रसंगात संवाद आहे, ताण आहे, बदल आहे. लेखकाला आणखी काय हवं असतं?

दूरचित्रवाणीला हे जमत नाही असंही नाही. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं आणि साध्या कॅमेऱ्यांवर, तुटपुंज्या साधनांत तिथे शिकण्या-शिकवण्याचे कार्यक्रम झाले. दूरदर्शनचे निर्माते आकाशानंद यांचा 'ज्ञानदीप' हा कार्यक्रम आमच्या आधीच्या पिढीला अजून आठवतो. करोनात शाळा बंद पडल्या तेव्हा जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर बालभारतीच्या पाठांवर आधारित 'टिलीमिली' सुरू झाली, आणि ज्या घरात स्मार्टफोन नव्हता तिथे मुलं टीव्हीसमोर वही घेऊन बसली. त्या महिन्यांत कित्येक पालकांनी पहिल्यांदाच एखादा पाठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला. नंतर भेटल्यावर काही जणांच्या बोलण्यातला सूर बदललेला मला जाणवला, कारण शिकवणं म्हणजे काय हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. ते शैक्षणिक कार्यक्रम होते आणि तुमच्या कथा आहेत, हे मला कळतं. दर गुरुवारी येणाऱ्या टीआरपीच्या आकड्यांवर मालिकेचं आयुष्य ठरतं, हेही कळतं. पण श्रीमंत काकूंनी शाळेत घातलेला गोंधळ बघायला लोक थांबतात तर दारात उभ्या असलेल्या मुलीचा प्रश्न ऐकायला थांबणार नाहीत, हे तुम्ही करून न बघताच ठरवलेलं आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

मालिकेत शाळेचा प्रसंग असेल तर चित्रीकरणाआधी तो एखाद्या नोकरीतल्या शिक्षकाला वाचायला द्या. काही कापा असं तो सांगणार नाही, चूक काय आहे ते सांगेल. हजेरीपटापासून मुख्याध्यापकांच्या अधिकारांपर्यंत.

पालकाने शिक्षकाचा जाहीर अपमान केला हे दाखवायचं असेल तर जरूर दाखवा, पण विजय म्हणून दाखवू नका, आणि मुलावर त्याचा काय परिणाम होतो ते पुढच्या भागात आलं पाहिजे. तक्रारीचा योग्य मार्गही कथेत येऊ द्या.

मुलांना मारणं प्रेमाचं किंवा शिस्तीचं लक्षण म्हणून दाखवणं बंद करा. शिक्षक आणि विद्यार्थिनी यांच्यातलं आकर्षण प्रणय म्हणून दाखवणं बंद करा. शिक्षिकेवर रोखलेला तो हळू होणारा कॅमेरा बंद करा. या तीन गोष्टींत घासाघीस नको.

विनोदी कार्यक्रमांत मुलाच्या शरीरावर, रंगावर, बोलण्यावर विनोद नको, आणि बालकलाकाराच्या तोंडून तर मुळीच नको.

येत्या ५ सप्टेंबरच्या विशेष भागात पाद्यपूजेऐवजी दहा मिनिटांचा एक तास दाखवा. एक शिक्षक, एक पाठ, तो न समजलेलं एक मूल, आणि ते समजेपर्यंत दोघांची चाललेली खटपट. तुमच्याकडे उत्तम नट आहेत, त्यांना हे जमेल.

आणि प्रेक्षकांच्या पत्रांना उत्तर द्या. मला पोच मिळाली असती तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

तुमच्यापैकी कोणा लेखकाला खरा वर्ग बघायचा असेल तर मी आमच्या मुख्याध्यापकांशी बोलून ठेवलं आहे. त्यांची परवानगी आहे. सकाळी परिपाठापासून शेवटच्या तासापर्यंत मागच्या बाकावर बसता येईल. चित्रीकरण करता येणार नाही, कारण त्यासाठी प्रत्येक मुलाच्या पालकांची संमती लागेल. वही आणि पेन चालेल. वाहिनीच्या कार्यालयाकडे माझा पत्ता आहे, आधीच्या पत्रावर तो लिहिलेला आहे. परीक्षेचा आठवडा सोडून कधीही कळवा.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका